विद्येचा तिसरा पाद

आपल्याकडील एका जुन्या सुभाषितात विद्यार्जनाचे चार समान भाग सांगितले आहेत. एक पाद आचार्यांकडून मिळतो, दुसरा शिष्याच्या स्वतःच्या बुद्धीतून, तिसरा सहाध्यायांकडून आणि चौथा काळाच्या ओघात. ही वाटणी करणाऱ्याने गुरूला कोठेही उणे लेखलेले नाही. पण शेजारी बसून शिकणाऱ्या मुलाला त्याने गुरूच्या बरोबरीचा वाटा दिला आहे. आपल्या आजच्या शाळांनी हा तिसरा पाद जवळजवळ सोडूनच दिला आहे. वर्गात शेजाऱ्याशी बोलणे ही बेशिस्त, त्याच्या वहीत डोकावणे ही चोरी आणि त्याच्यापेक्षा दोन गुण अधिक मिळवणे हा पुरुषार्थ, असे आपण मुलांच्या मनावर बालवर्गापासून बिंबवत आलो आहोत. आता त्याच वर्गात इंटरनेट येऊन पोचले आहे. या साधनाने तो सोडून दिलेला पाद परत मिळवता येईल काय, हा आजच्या शिक्षणापुढील खरा प्रश्न आहे. दुर्दैवाने चर्चा मात्र यंत्रे किती बसवली आणि जोडण्या किती दिल्या, एवढ्यापुरतीच चालते.

साधने पोचत आहेत, हे मान्य केले पाहिजे. केंद्र सरकारच्या ‘यूडायस प्लस’ या शालेय माहिती-संकलनानुसार २०२३-२४ मध्ये देशातील ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. २०२४-२५ मध्ये हे प्रमाण ६३.५ टक्क्यांवर गेले. घरोघरच्या परिस्थितीतही मोठा पालट झाला आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत २०१७-१८ साली ग्रामीण भागातील अवघ्या १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय आढळली होती. पुढे ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वर्षे वयाच्या ८२.२ टक्के मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो, असे सांगितले. परंतु त्याच पाहणीतील पुढचे दोन आकडे पालकांनी डोळे उघडून वाचावेत. ज्यांना फोन वापरता येतो, त्या मुलांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के होती. समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. मुले इंटरनेटपर्यंत पोचली आहेत, शाळेचा अभ्यास मात्र त्यांच्यामागून धापा टाकत येत आहे, असाच याचा अर्थ.

असे का व्हावे? मार्च २०२० मध्ये शाळांना टाळी लागली आणि ‘ऑनलाइन शिक्षण’ हा शब्द घरोघर गेला, तो एका विशिष्ट अर्थानेच. एका टोकाला बोलणारा शिक्षक, दुसऱ्या टोकाला आवाज बंद करून बसलेली पन्नास मुले, आणि घरात एकच मोबाईल असेल तर वडील कामावरून येईपर्यंत तेही नाही! संकटकाळातील ती सोय होती आणि अनेक शिक्षकांनी ती जिवापाड मेहनतीने निभावली, याबद्दल दुमत नाही. पण संकट सरल्यावरही तीच प्रतिमा आपल्या मनात घर करून राहिली. आज वर्गात मोठा पडदा येतो, त्यावर तयार धडा लागतो, मुले हाताची घडी घालून तो पाहतात. खडूच्या फळ्याची जागा चकचकीत फळ्याने घेतली. मुलाच्या बसण्यात काडीचाही फरक पडला नाही. वास्तविक ज्या विश्वव्यापी जाळ्याचा आपण वापर करतो, त्याची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत मांडली ती निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांना एकमेकांचे काम पाहता यावे, त्यात भर घालता यावी यासाठी. अनेकांनी मिळून काम करण्यासाठी जन्मलेले साधन आपण एकाने बोलावे आणि इतरांनी ऐकावे यासाठी राबवत आहोत.

केवळ यंत्र दिले की ज्ञान आपोआप येते, हा भ्रम जगाने एकदा पुरता अनुभवला आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या योजनेखाली आठ लाखांहून अधिक लॅपटॉप मुलांना वाटले. ३१९ ग्रामीण शाळांची तपासणी करून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, त्यामुळे मुलांच्या गणितात वा भाषेत सुधारणा झाल्याचा पुरावा मिळत नाही. आपल्या देशातला अनुभवही बोलका आहे. जानेवारी १९९९ मध्ये डॉ. सुगत मित्र यांनी दिल्लीतील कालकाजी भागात कार्यालयाच्या भिंतीला भोक पाडून त्यात संगणक बसवला. पलीकडे झोपडवस्ती होती. कोणीही न शिकवता वस्तीतली मुले घोळका करून, एकमेकांना दाखवत, तो संगणक हाताळू लागली. या प्रयोगाचे जगभर कौतुक झाले आणि मुले एकत्र जमली की किती शिकतात, हे त्याने दाखवून दिले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. मात्र अमेरिकी अभ्यासक मार्क वॉरशॉर यांनी दिल्लीतील या जागा पाहून नोंदवलेली दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. इंटरनेट बहुधा बंदच असे, हिंदीतून शिकण्याजोगे काही नव्हते आणि मुलांचा बराच वेळ खेळात आणि चित्रे रंगवण्यात जाई. पुढे २००९ पासून स्वतः मित्र यांनीच मुलांशी इंटरनेटवरून गप्पा मारणाऱ्या, त्यांचे कौतुक करणाऱ्या, त्यांना प्रश्न विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांचा एक गट उभारला. घोळका लागतो, यंत्र लागते; पण त्याबरोबर आपली भाषा लागते आणि आस्थेने विचारपूस करणारे मोठे माणूसही लागते, हाच त्याचा अर्थ.

मुलांनी मुलांना शिकवणे ही काही परदेशातून आयात केलेली कल्पना नव्हे. उलट, ती एकदा आपल्याकडून परदेशी गेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासजवळच्या लष्करी अनाथाश्रमाचे प्रमुख असलेल्या डॉ. अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने तेथील एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना आणि पुढे गेलेला मुलगा मागच्यांना शिकवताना पाहिली. त्याने ती पद्धत आपल्या संस्थेत वापरली आणि १७९७ मध्ये इंग्लंडात त्यावर पुस्तक लिहिले. तेथे ती ‘मद्रास पद्धत’ या नावानेच गाजली. आपल्या गावोगावच्या पंतोजींच्या शाळेतही धुळपाटीवर हेच चालत असे. त्या शाळांचे दोष झाकण्याचे कारण नाही. सर्व समाजाला तेथे सारखा प्रवेश नव्हता. पण शिकलेल्याने न शिकलेल्याचा हात धरावा, ही रीत तेथे होती आणि परीक्षाकेंद्री शाळेने ती मोडीत काढली, हेही तितकेच खरे.

सहकार्यातून शिकणे म्हणजे पाच मुलांचा गट करून एका हुशार मुलीकडून तक्ता रंगवून घेणे आणि त्याखाली पाच नावे लिहिणे नव्हे. हे प्रकार आपल्या घरातही आपण पाहतो. कित्येकदा तो तक्ता मुलगीही रंगवत नाही, तिची आई रंगवते! खऱ्या सहकार्याची कसोटी सोपी आहे. प्रत्येक मुलाजवळ असे काही असले पाहिजे, जे इतरांजवळ नाही आणि ज्यावाचून इतरांचे अडते. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात १९७१ साली गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकी वंशाच्या मुलांना प्रथमच एका वर्गात बसवले गेले, तेव्हा वर्गावर्गांत तणाव पसरला. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. आपला तुकडा इतरांना नीट समजावून सांगणे ही ज्याची त्याची जबाबदारी. कालपर्यंत ज्याची टिंगल होत होती, त्याच्याकडचा तुकडा मिळाल्याशिवाय धडा पुरा होईना. मग टिंगल थांबली आणि ऐकणे सुरू झाले. आपल्याकडे वर्गातल्या बाकांवरही जात, वस्ती आणि माध्यम यांच्या अदृश्य रेषा असतात. समरसतेची व्याख्याने ऐकून त्या पुसल्या जात नाहीत. परस्परांवाचून अडावे, अशी कामे मुलांना एकत्र करायला दिली की त्या पुसट होऊ लागतात.

अॅरन्सन यांचे तुकडे एका वर्गापुरते होते. इंटरनेटने हे तुकडे गावोगावच्या शाळांत विखरता येतात, हे त्याचे खरे सामर्थ्य. समजा, आंबोली घाटातील एक शाळा आणि माणदेशातील एक शाळा यांच्या सातवीच्या वर्गांनी जून ते सप्टेंबर रोज सकाळी पर्जन्यमापकातले पाणी मोजले आणि एका सामायिक तक्त्यात भरले. आंबोलीला वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माणदेशात ५०० मिलिमीटरची मारामार. भूगोलाच्या पुस्तकात ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ ही दोन शब्दांची व्याख्या असते. येथे मात्र माणदेशचा मुलगा सलग आठवडाभर शून्य लिहीत असताना समोरच्या रकान्यात तिनशे, साडेतिनशे असे आकडे रोज उमटताना पाहील. तो पहिल्यांदा म्हणेल, ‘यांचं मोजण्यात काहीतरी चुकतंय.’ मग दोन्ही शाळांना आपापली मोजण्याची रीत एकमेकींना समजावून सांगावी लागेल. मापक झाडाखाली ठेवला होता काय, नोंद किती वाजता केली, हे तपासावे लागेल. मतभेद आवाज चढवून नव्हे, पुराव्याने मिटवायचा असतो, हा नागरिकशास्त्राचा धडा भूगोलाच्या तासाला मिळून जाईल. खर्च विचाराल तर दोन प्लास्टिकच्या बाटल्या, एक मोजपट्टी आणि शिक्षकाचा एक फोन.

अशी कामे प्रत्यक्षात होतही आहेत. ‘ग्लोब’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमात १९९५ पासून अनेक देशांतील शाळकरी मुले तापमान, पाऊस, माती यांच्या नोंदी एकत्र करत आली आहेत. आपल्या देशातील ‘सीझनवॉच’ या उपक्रमात मुले आपापल्या परिसरातील एखादे झाड निवडतात आणि त्याला पालवी, फूल, फळ केव्हा आले याची नोंद ठेवतात. केरळातील शाळांचा त्यातील सहभाग मोठा आहे. विषूच्या सणाला तेथे बहाव्याची फुले लागतात. हा बहावा आता सणाची वाट न पाहता आधीच फुलतो काय, या आजी-आजोबांच्या शंकेचा निकाल मुलांच्या नोंदींमधून आकड्यांनिशी लावता येऊ लागला आहे. शाळकरी मुले येथे ज्ञानाची केवळ गिऱ्हाईके राहत नाहीत. ती त्यात भर घालणारी होतात.

आणि महाराष्ट्राला तर दूर पाहण्याचेही कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ साली शिक्षक म्हणून रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. ती कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी उचलली. त्याचबरोबर, परस्परांत वैर असलेल्या देशांतील मुलांना इंटरनेटवरून एकमेकांशी बोलते करण्याचा उपक्रमही त्यांनी चालवला. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. सहकार्य शिकवणाऱ्या शिक्षकाने ते स्वतःच्या हाताने करून दाखवले, म्हणून ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

या सगळ्यात भाषेचा प्रश्न कळीचा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि आपण पेढे वाटले. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरील लेखांची संख्या दोन दशकांनंतरही एक लाखाच्या आसपास आहे. संख्येने आपल्यापेक्षा कमी असलेल्या तमिळ भाषकांनी दीड लाखांचा टप्पा केव्हाच ओलांडला. ही तूट सरकार भरून काढणार नाही आणि परदेशी कंपन्या तर नाहीच नाही. आठवी-नववीच्या वर्गाने आपल्या तालुक्यातील एका नदीवर, एका किल्ल्यावर, एका जुन्या तळ्यावर लेख तयार करावा. तेथे ऐकीव माहिती चालत नाही. विधानांना प्रसिद्ध झालेला विश्वासार्ह आधार द्यावा लागतो. म्हणजे मुलांना जिल्ह्याचे गॅझेटिअर उघडावे लागेल, गावच्या ग्रंथालयाची धूळ झटकावी लागेल, एकाने लिहिलेले दुसऱ्याने तपासावे लागेल. स्वतःची भाषा ज्ञानभाषा व्हावी असे भाषणांत म्हणणे सोपे आहे. एक वर्ग, एक वर्ष, एक लेख हे त्याचे कृतीतले रूप आहे.

यावर काही आक्षेप घेतले जातील आणि ते अप्रस्तुत नाहीत. पहिला आक्षेप उतरवून काढण्याचा. प्रकल्पाचा विषय मिळाला की मुले इंटरनेटवरून मजकूर उचलतात. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात निबंध लिहून हाती देते. हे खरे आहे. पण हा दोष प्रश्नाचाही आहे. ‘पाण्याचे महत्त्व’ असा विषय दिला तर उत्तर तयार मिळणारच. ‘आपल्या वाडीतल्या सहा विहिरींचे पाणी आज काठापासून किती खोल आहे आणि महिन्यापूर्वी किती होते’, याचे उत्तर जगातल्या कुठल्याही यंत्राजवळ नाही. त्यासाठी दोरीला गाठी मारून विहिरीवर जावे लागते, आणि एकट्याने जाता येत नाही म्हणून शिक्षक वा पालकांबरोबर चौघांनी मिळून जावे लागते. तयार उत्तर नसलेला प्रश्न शोधणे हेच यापुढे शिक्षकाचे मोठे कौशल्य ठरणार आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. पालकांची भीती अनाठायी नाही. संसदेने २०२३ साली केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरवली आहे आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. पण कायदा दारावर पहारा करतो, घरात लक्ष आपणच ठेवायचे असते. शाळेतले काम मुलांच्या वैयक्तिक खात्यांवरून न होता शाळेच्या वा वर्गाच्या सामायिक खात्यावरून व्हावे, मुलांची छायाचित्रे व पूर्ण नावे बाहेर जाऊ नयेत, पडदा सर्वांना दिसेल असा असावा आणि शिक्षक जवळ असावा, एवढी पथ्ये पाळली तरी पुष्कळ धोका टळतो. चार मुलांत एक यंत्र ही आपल्याला गरिबीची खूण वाटते. सहकार्याच्या दृष्टीने तीच सोय आहे. प्रत्येकाच्या हाती वेगळा पडदा दिला की प्रत्येक मूल एकटे पडते.

तिसरा मुद्दा शिक्षकाचा आणि तो सर्वांत महत्त्वाचा. युनेस्कोने २०२३ च्या आपल्या जागतिक शिक्षण अहवालात तंत्रज्ञानाने शिक्षकाला पूरक ठरावे, त्याची जागा घेऊ नये, असेच बजावले आहे. दूरच्या शाळेशी जुळवणी करणे, वेळ ठरवणे, गटातल्या अबोल मुलाला बोलते करणे, वाद झाला तर तो पुराव्याकडे वळवणे ही कामे यंत्र करत नाही. त्यासाठी शिक्षकाला उसंत हवी. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांवर टाकण्यास २००९ सालीच मनाई केली आहे. प्रत्यक्षात गावोगावचा शिक्षक अहवालांच्या, छायाचित्रे पाठवण्याच्या आणि रकाने भरण्याच्या ओझ्याखाली वाकला आहे. ज्या इंटरनेटने त्याने दुसऱ्या शाळेशी वर्ग जोडायचा, त्याच इंटरनेटने त्याचा सारा दिवस माहिती पाठवण्यात खर्ची पडावा, ही विसंगती शासनाने तातडीने दूर केली पाहिजे.

परंतु सगळेच शासनावर टाकून मोकळे होणे ही आपली रीत नव्हे. आपल्या वाचकांत निवृत्त शिक्षक आहेत, संगणकाच्या क्षेत्रात काम करणारे तरुण आहेत, वस्तीवस्तीत अभ्यासिका चालवणारे कार्यकर्ते आहेत, परदेशी स्थायिक झालेल्या मुलांचे आई-वडीलही आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाला एका शाळेपुरते काही ना काही करता येईल. अभ्यासिकेतील मुलांची दुसऱ्या जिल्ह्यातील अभ्यासिकेशी आठवड्यातून एक तास गाठ घालून देता येईल. मुलांनी लिहिलेल्या लेखाचे शुद्धलेखन आणि संदर्भ तपासून देता येतील. भारताबाहेरच्या मराठी घरातील नातवंडांना गावच्या शाळेतील मुलांबरोबर पाऊस, पीक, सण यांच्या नोंदी करायला लावता येतील. त्यात त्या नातवंडांचे मराठी सुधारेल आणि गावच्या मुलांची जगाची ओळख वाढेल. आणि हे काहीच जमले नाही, तरी संध्याकाळी घरी आलेल्या मुलाला ‘किती गुण मिळाले?’ या नेहमीच्या प्रश्नाबरोबर ‘आज कोणाकडून काय शिकलास आणि कोणाला काय शिकवलेस?’ एवढे विचारणे तर प्रत्येक घरात शक्य आहे.

या देशातील लक्षावधी मुले यापुढे इंटरनेटवर राहणारच आहेत. प्रश्न एवढाच आहे की, ती तेथे एकेकटी बसून दुसऱ्यांनी तयार केलेले पाहत राहणार, की चौघांच्या साथीने स्वतःचे काही घडवणार. पहिल्या वाटेने जायला कोणाच्याही प्रयत्नांची गरज नाही; ती उताराची वाट आहे. दुसरी वाट चढणीची आहे आणि तिच्यावर मुलांबरोबर शिक्षकांनी, पालकांनी आणि समाजाने चालावे लागेल. सुभाषितकाराने सहाध्यायांसाठी राखून ठेवलेला वाटा अजून तेथेच आहे. तो आपल्या मुलांच्या पदरात घालण्याचे काम पुढच्या पिढीवर ढकलण्यासारखे नाही.